कड्यांविना शनी: इंदूरच्या एका गच्चीवरचं आकाशदर्शन

पत्रकावरचा मजकूर थोडक्यात असा होता: शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सात वाजता, शाळेच्या गच्चीवर, 'शनीची कडी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहा', सहभाग शुल्क पन्नास रुपये, चहा-पोह्यांसह. वर अर्धं पान भरून शनीचं छायाचित्र. कार्यक्रम इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका मराठी मंडळाचा. मंडळ जुनं आहे, गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट जोरात होते, पण बारा-पंधरा वर्षांची मुलं तिकडे फिरकत नाहीत ही कार्यकारिणीची कायमची तक्रार. आकाशदर्शनाची कल्पना त्यातून निघाली आणि कल्पना चांगलीच होती. गच्ची भरली.

अडचण एकच होती. त्या संध्याकाळी शनीची कडी दिसण्यासारखी नव्हती.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण अशी फजिती या हिवाळ्यात बऱ्याच गच्च्यांवर झाली असणार आणि बहुतेक ठिकाणी दोष दुर्बिणीच्या माथी मारला गेला असणार. माझ्याकडे त्या दिवशी आठ इंची आरशाची डॉबसोनियन दुर्बीण चालवायचं काम होतं. मंडळाची स्वतःची पाच इंची दुर्बीण कार्यवाह काका सांभाळत होते. पत्रक माझ्या हातात पडलं तोवर ते सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जाऊन पोहोचलं होतं. मी फोन केला, तर काका म्हणाले, "आता काय करणार? लोक येणार. शनी तर दिसेल ना?" शनी दिसणारच होता.

काय घडलं

आकाश स्वच्छ होतं. अष्टमी उलटून गेलेला चंद्र वर होता आणि त्याच्या अगदी जवळ शनी, दोघंही दक्षिणेला उंच. शहराच्या उजेडानं शनीचं काही बिघडत नाही, त्यामुळे जागेबद्दल तक्रार नव्हती. मालव्याच्या रात्रीची कीर्ती उगाच नाही, शब-ए-मालवा म्हणतात ती नोव्हेंबरात खरोखर तशी असते.

पहिला मुलगा आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून उभा राहिला, मग वळून मित्राला म्हणाला, "अरे भिया, रिंग तो हैच नहीं." दुसऱ्यालाही तेच. रांगेत कुजबुज सुरू झाली. एका बाईंनी पत्रक उघडून फोनचा पडदा काकांसमोर धरला. काकांनी जे केलं ते बहुतेक संयोजक करतात: वर्धन वाढवलं. दुर्बिणीसोबत आलेला बार्लो, म्हणजे प्रतिमा आणखी मोठी करणारं जोडभिंग, लावला आणि आधी लहान पण स्वच्छ दिसणारं बिंब मोठं, मऊ, थरथरणारं झालं. आता कडीही नाहीत आणि बिंबही नाही. मग कोणीतरी निदान केलं की "आरसा सरकलाय, ने-आण करताना होतं असं". एक सभासद मागचे स्क्रू फिरवायला पुढे झाले. त्यांना वेळेत थांबवलं हे त्या संध्याकाळचं पहिलं यश.

त्यानंतर रांग थोडा वेळ थांबवली. हा निर्णय काकांचा आणि तो अवघड होता, कारण थंडीत लहान मुलं घेऊन लोक उभे होते. पण गच्चीवर दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले होते. दुर्बीण बिघडली आहे का? आणि शनी खरंच असा दिसतो का? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला कोणी कान देणार नव्हतं.

आधी दुर्बीण तपासली

चंद्र हाताशी होता. दोन्ही दुर्बिणी त्याच्यावर वळवल्या. प्रकाश-अंधाराच्या सीमेवरची विवरं धारदार, त्यांच्या कडांच्या सावल्या काळ्याभोर. आरसा सरकलेला असता तर असं दिसलं नसतं. मग आठ इंचीत परत शनी घेतला, १२० पट वर्धनावर. बिंब किंचित चपटं, पिवळसर. त्याच्या दोन्ही बाजूंना, डोळा स्थिरावला की, एक अतिशय बारीक उजळ रेघ. हवा क्षणभर शांत झाली की बिंबावर आडवी एक काळी रेघही दिसायची. ती कड्यांची सावली. आणि बिंबापासून बरंच दूर, पण बरोबर त्याच रेषेत, एक ठिपका: शनीचा उपग्रह टायटन.

तो ठिपका महत्त्वाचा ठरला. टायटन शनीच्या विषुववृत्ताच्या जवळजवळ प्रतलातच (सपाट पातळीतच) फिरतो, कडीही त्याच प्रतलात आहेत. कडी उघडी असतात त्या वर्षांत टायटन कधी वर, कधी खाली भटकताना दिसतो. त्या रात्री तो, ती रेघ आणि बिंबाचा मध्य एका सरळ रेषेत होते. म्हणजे आपण ते सगळं प्रतलच कडेनं पाहत होतो. यंत्र ठीक होतं, आणि ते नेमकं तेच दाखवत होतं जे त्या दिवशी तिथं होतं.

कडी जातात कुठे

शनीचा आस त्याच्या कक्षेच्या लंबापासून सुमारे २६.७ अंश कललेला आहे आणि तो अवकाशात आपली दिशा सोडत नाही. शनीला सूर्याभोवती एक फेरी घ्यायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्या फेरीत एकदा कड्यांची उत्तर बाजू आपल्याकडे झुकते, एकदा दक्षिण बाजू, आणि मधे दोनदा कडी नेमकी आडवी येतात. दोन आडव्या वेळांमधलं अंतर सारखं नसतं, कारण शनीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे: एकदा पावणेचौदा वर्षांच्या आसपास, एकदा पावणेसोळा.

या वेळी पृथ्वीनं कड्यांचं प्रतल ओलांडलं ते २३ मार्च २०२५ ला, पण तेव्हा शनी सूर्याच्या इतका जवळ होता की पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ६ मे रोजी सूर्यानं ते प्रतल ओलांडलं, म्हणजे शनीवर विषुवदिन झाला. मग कडी थोडी उघडली, आणि पृथ्वी स्वतःच्या कक्षेत पुढे सरकल्यानं पुन्हा मिटत गेली. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात कल अर्ध्या अंशाच्याही खाली उतरला. कार्यक्रमासाठी निवडलेला दिवस त्या नीचांकापासून आठवडाभरही दूर नव्हता. ठरवून शोधला असता तरी इतका 'वाईट' मुहूर्त सापडला नसता.

अर्ध्या अंशाचा अर्थ आकड्यांत असा. शनीची मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली. त्या रात्रीच्या अंतरावरून त्यांची लांबी चाळीसेक कोनीय सेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक सेकंद) भरत होती, ती कोणत्याही दुर्बिणीत दिसावी. रुंदी मात्र सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आठ इंची दुर्बिणीची बारकावा वेगळा करण्याची मर्यादाच सुमारे ०.६ सेकंद, आणि गच्चीवरची हवा सहसा एक-दोन सेकंदांचा थरथराट घालते. काकांनी बार्लो लावून मोठी केली ती ही थरथर.

आणि ही रुंदीसुद्धा कलामुळे दिसणारी. कड्यांची खरी जाडी बऱ्याच ठिकाणी दहा मीटरच्या घरात आहे. मुलांना हे पटवायला तिथल्या तिथे हिशेब केला: कागदाच्या जाडीची चकती त्याच प्रमाणात कापायची तर तिचा एक काठ इंदूरच्या राजवाड्यावर ठेवला की दुसरा काही किलोमीटरवरच्या पलासियाच्या थोडा अलीकडे येईल. हे ऐकून एका मुलीनं विचारलं, "मग ती मोडत कशी नाही?" रात्रीचा सर्वांत चांगला प्रश्न. मोडत नाही कारण ती चकती नाहीच. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८५० च्या दशकातच गणितानं दाखवलं होतं की अखंड घन कडं शनीभोवती टिकू शकत नाही, ते असंख्य सुट्या तुकड्यांचंच असलं पाहिजे. मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे, धुळीच्या कणापासून घराएवढ्या आकाराचे तुकडे, प्रत्येक आपापल्या कक्षेत. वर-खाली जाणारे तुकडे एकमेकांवर आदळत राहतात आणि त्या टकरांतच त्यांची वर-खाली हालचाल विरून जाते. कडी इतकी सपाट आहेत ती त्यामुळे.

गॅलिलिओचीही हीच अडचण

प्रात्यक्षिकासाठी पोह्यांच्या स्वयंपाकघरातून स्टीलचं सपाट ताट आणलं, मधोमध चेंडू धरला, आणि ते कलतं धरून मुलांभोवती फिरवलं. ताट डोळ्यांच्या पातळीत आलं की मुलं आपणहून ओरडायची, "गेलं!"

मग गॅलिलिओची गोष्ट सांगितली. ती अशा वेळी सांगावीच, कारण गच्चीवर नाराज उभा असलेला माणूस आणि तो एकाच जागी उभे असतात. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे दिसले, ग्रह तिहेरी आहे असं त्यानं जाहीर केलं. १६१२ च्या अखेरीस पाहतो तर गोळे नाहीत. शनीनं आपली मुलं गिळली की काय, असं त्यानं पत्रात विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते ख्रिस्तियान हायगेन्सनं दिलं, १६५९ मध्ये: शनीभोवती पातळ, सपाट, कुठेही न चिकटलेलं कडं आहे. गंमत अशी की हे उत्तर निघालं ते कडं नाहीसं होण्याच्या कोड्यातूनच. कडी कायम उघडी दिसली असती तर ती पातळ आहेत हे कळायला बराच वेळ लागला असता.

आडव्या कड्यांचा खगोलज्ञांनी नेहमी फायदा उठवला आहे. कड्यांची चकाकी गेली की जवळचे मंद उपग्रह उघडे पडतात. विल्यम हर्शेलला एन्सेलॅडस आणि मिमास १७८९ मध्ये अशाच काळात सापडले. जेनस या उपग्रहाची नोंद १९६६ ची, तीही आडव्या कड्यांच्या काळातली.

अंतराळयानांनीही ही संधी सोडली नाही. कॅसिनी यान ऑक्टोबर १९९७ मध्ये निघालं आणि पावणेसात वर्षांनी, जुलै २००४ मध्ये, शनीच्या कक्षेत शिरलं. ऑगस्ट २००९ मध्ये शनीवर विषुवदिन आला तेव्हा ते तिथंच होतं. सूर्य कड्यांच्या पातळीत उतरल्यावर जराशा उंचवट्याच्याही लांबच लांब सावल्या पडल्या आणि 'ब' नावाच्या कड्याच्या बाहेरच्या काठावर सुमारे अडीच किलोमीटर उंचीचे सुळके दिसले. दहा मीटर जाडीच्या चादरीवर अडीच किलोमीटर! एरवी ते कॅसिनीलाही दिसले नसते. ही माहिती सांगितल्यावर रांगेतल्या मोठ्या माणसांचा सूर पहिल्यांदा बदलला. आपण पाहतोय ती 'नसलेली कडी' नव्हेत, एक दुर्मीळ स्थिती आहे, हे तेव्हा उमगलं.

कागदावर काय उतरलं

ताटाच्या प्रयोगाआधी, रांग पुन्हा सुरू करताना, एक गोष्ट केली होती आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मोल तिच्यात आहे. प्रत्येक मुलाला वहीचं पान आणि पेन्सिल दिली. आयपीसमध्ये पाहा, मग काहीही न विचारता जे दिसलं ते काढा.

बऱ्याच मुलांनी कडी काढली. नुसती रेघ नव्हे, ऐसपैस लंबगोल, काहींनी तर कड्यांच्या मधली काळी मोकळी जागा, कॅसिनी फटसुद्धा. याच मुलांनी पाच मिनिटांपूर्वी "रिंग नहीं है" म्हणून गोंगाट केला होता. डोळ्यानं नाही म्हटलं, पण हातानं पत्रकावरचा शनी काढला. एका मुलानं गोल आणि त्यातून आरपार जाणारी एकच रेघ काढली, बाजूला लांब एक टिंब, आणि ते टिंब खोडून पुन्हा काढलं होतं, कारण पहिल्यांदा ते रेघेच्या बाहेर पडलं होतं. गच्चीवरचं सर्वांत अचूक निरीक्षण ते. त्याच्या आईला मात्र ते चित्र 'अर्धवट' वाटत होतं.

म्हणून पत्रकावरच्या छायाचित्राकडे नीट पाहावं लागतं. ते कॅसिनीनं ऑक्टोबर २०१३ मध्ये शनीच्या उत्तर ध्रुवाच्या बाजूनं, वरून घेतलेलं होतं. बिंबाभोवती पूर्ण सुटं, चहूबाजूंनी मोकळं वर्तुळ. अशी दिशा पृथ्वीवरून कधीच मिळत नाही. आपल्याला कडी जास्तीत जास्त सत्तावीस अंश कललेली दिसू शकतात, २०१७ मध्ये दिसली तशी. म्हणजे पत्रकाचं आश्वासन दोनदा चुकलं होतं. त्या दिवशी तर ते खोटं होतंच, पण सर्वोत्तम वर्षीही ते पूर्ण झालं नसतं. यान तिकडे पाठवलं त्याचं कारणच हे की इथून ते दिसत नाही. यानाचं चित्र लावून दुर्बिणीचा कार्यक्रम जाहीर करणं मला खटकतं, आणि तसं सर्रास होतं, मोठ्या संस्थांतही.

बातमीची भर

गोंधळात आणखी एक पदर होता. 'शनीची कडी २०२५ मध्ये नाहीशी होणार' या मथळ्याच्या बातम्या बऱ्याच जणांनी वाचल्या होत्या आणि काहींनी त्या तशाच घेतल्या होत्या. एक आजोबा म्हणाले, "संपली ना शेवटी? मी पेपरात वाचलं होतं." त्यात दुसरी, खरी बातमी मिसळली होती. कड्यांतला बर्फ शनीवर पावसासारखा झिरपतोय, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार कडी तीस कोटी वर्षांत, किंबहुना कॅसिनीची मोजमापं धरली तर दहा कोटींच्या आतही, संपू शकतात. एक नाहीसं होणं काही महिन्यांचं, नुसतं कोनाचं. दुसरं खरोखरचं, पण कोट्यवधी वर्षांचं. दोन्हींना एकच क्रियापद वापरलं की आजोबांचा काय दोष?

आणि शनिवार होता. जुनी इंदूरच्या शनी मंदिरात तेल वाहून थेट गच्चीवर आलेल्या एक आजी होत्या. मार्चअखेर शनी मीन राशीत आल्यापासून घरात कोणाची तरी साडेसाती सुरू झालेली. त्यांनी विचारलं, "कडी गेली म्हणजे जोर उतरला का रे त्याचा?" रांगेत वाद घालू नये असं माझं मत आहे. मी त्यांना टायटन दाखवला आणि म्हटलं, हा उजेड निघाल्याला सव्वा तास झालाय. त्यांनी हिशेब केला, "म्हणजे मी देवळात होते तेव्हाचा हा." बरोबर होतं. नमस्कार करून त्या खाली गेल्या आणि सुनेला वर पाठवलं.

काय बदललं, काय राहिलं

दुसऱ्या फेरीत क्रम उलटा ठेवला. आधी चंद्र, मग कमी वर्धनावर शनी आणि टायटन, शेवटी १२० पट. प्रत्येकाला आयपीसवर घाई न करता उभं राहू दिलं, कारण ती रेघ पहिल्या नजरेत येत नाही. रांग त्यामुळे लांबली आणि काही कुटुंबं कंटाळून गेली. पन्नास रुपये परत मागणाऱ्या एका गृहस्थांना ते दिले, चहा त्यांनी आधीच घेतला होता.

एक सूचना आली की पुढच्या वेळी मुलांना उज्जैनच्या वेधशाळेत न्यावं, दुर्बिणीच नकोत. मला ती आवडली. जयपूरच्या राजा सवाई जयसिंहानं बांधलेली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या काळात, १९२३ मध्ये, जीर्णोद्धार झालेली ती यंत्रं एकही भिंग न वापरता फक्त कोन मोजतात. शनी प्रकरणात कमी पडलं ते कोनाचंच भान होतं. कार्यकारिणीत मात्र यावर एकमत नाही. "मुलांना दगड काय दाखवणार," असं एकांचं म्हणणं.

कड्यांबद्दल घाबरायचं कारण नाही. २०२६ पासून ती पुन्हा उघडत जातील, २०३२ च्या सुमारास दक्षिण बाजू पुरती आपल्याकडे झुकलेली असेल, आणि ऑक्टोबर २०३८ ते जुलै २०३९ दरम्यान पृथ्वी त्यांचं प्रतल तीनदा ओलांडेल.

मंडळाचा पुढचा कार्यक्रम संक्रांतीनंतर, हळदीकुंकवाला जोडून, गुरूचा आहे. १० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे महिनाभर तो संध्याकाळपासूनच आकाशात असेल. पत्रकाचा मजकूर या वेळी काकांनी आधी मला दाखवला: 'दुर्बिणीतून दिसेल: लहान पिवळसर बिंब, त्यावर दोन फिकट पट्टे, एका रेषेत जास्तीत जास्त चार चंद्र. तांबडा डाग दिसेलच असं नाही.' चित्राच्या जागी गुरूचं मुलांपैकी कोणीतरी पेन्सिलनं काढलेलं चित्र टाकायचं ठरलंय. छापणाऱ्यानं विचारलं, "काका, हे एवढंसं? जूनो यानाचा फोटो आहे ना माझ्याकडे, एकदम एचडी." काकांनी अजून त्याला होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.